पंधरा तासांचा कागद

आईच्या घरी कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला नऊ वर्षं एक कागद टांगलेला होता. त्यावर छापलं होतं: नागपूर ते टोरंटो, हवाई अंतर बारा हजार चारशे नव्वद किलोमीटर, प्रवासाचा वेळ सुमारे पंधरा तास. खाली जगाचा नकाशा आणि त्यावर नागपुरातून निघून उत्तर ध्रुवाला खेटून पलीकडे उतरणारी एक लाल कमान. माझ्या धाकट्या भावाला टोरंटोत नोकरी लागली तेव्हा त्याने तो कुठल्याशा वेबसाइटवरून छापून आणला आणि आईची समजूत काढली, "हे पाह्य आई, फक्त पंधरा तास. पुण्याची ट्रॅव्हल्स पकडली तरी तेवढेच लागते. तू समज, मी पुण्यालेच आहो."

वडील तेव्हा होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस, छापील आकड्यावर त्यांचा चटकन विश्वास बसायचा. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, कमानीवरून बोट फिरवलं, "पृथ्वी गोल असल्याचा हा फायदा" असं म्हणाले आणि स्वतः खिळा ठोकला.

मी त्याच दिवशी फोनवर ती वेबसाइट उघडून पाहिली. इतका मख्खपणा मी माझ्या सरकारी कचेरीतही पाहिलेला नाही. कुठलेही दोन विमानतळ घाला, ती मधे दोरी ताणते, दोरीच्या लांबीला विमानाच्या वेगाने भागते आणि तास सांगून मोकळी होते. तिथून तिथे विमान जातं का, हे तिला ठाऊक नसतं आणि त्याचं तिला काही पडलेलंही नसतं. मी मुद्दाम नागपूर आणि प्रशांत महासागरातलं एक ठिपक्याएवढं बेट घातलं, तर तिथलेही तास तिने मिनिटांसकट सांगितले. नागपुरातून टोरंटोला सरळ विमान जात नाही. आधी दिल्ली, तिथे मध्यरात्र उलटेपर्यंत खुर्चीवर बसणं, मग फ्रँकफर्ट, पुन्हा बसणं, मग टोरंटो, मग पासपोर्टची रांग, बॅगांची वाट आणि वर तासभर मोटारीने घर. पंधरा तासांत माझा भाऊ जेमतेम देशाबाहेर पडत असे.

पण त्याच्या तोंडी पंधरा तासच. कोणाच्या लग्नात, नामकरणात कोणी विचारलं, "लय दूर पडत असन ना गा?" की हा हात झटकून सांगणार, "कुठं दूर? पंधरा तास." सावनेरला कार्यक्रमाला बोलावलं तर "तिकडं कोण जाते एवढ्या दूर" म्हणून नाक मुरडणारे आमचे नातेवाईक हे ऐकून माना डोलवायचे. टोरंटो जवळ आलं याचा त्यांना आनंद व्हायचा, जसं काही त्यांना उद्याच तिकडे बारशाला जायचंय. वडील गेले तेव्हा भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. तेव्हाही कागद त्याच खिळ्यावर होता आणि कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

आईसमोर मी तो आकडा कधी खोडला नाही. खोडला असता तर म्हातारीचा आधार काढून घेतला असं झालं असतं, असं मी स्वतःला सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. मला तो आकडा तिथे टांगलेलाच हवा होता. रोज आईच्या घरात शिरताना त्याच्याकडे एक नजर टाकायची आणि मनात म्हणायचं, वा रे पंधरा तासवाला. त्यावर माझा दिवस बरा जायचा.

कारण मी, रविवार सोडला तर, रोज जायचे. माझं घर शहराच्या दक्षिण टोकाला, हुडकेश्वरला. आईचं घर उत्तरेला, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वडिलांनी बांधलेलं, दोन खोल्या आणि पुढे ओटा. माझी कचेरी तिथून दहा मिनिटांवर. सकाळी पावणेदहाला आईकडे डबा पोचवायचा, गोळ्या घेतल्या का पाहायचं आणि कामावर जायचं. संध्याकाळी सुटल्यावर पुन्हा तासभर तिच्याजवळ बसायचं आणि सातला गाडीला किक मारायची. हुडकेश्वर चौदा किलोमीटर. या चौदा किलोमीटरची लाल कमान कुठल्याही वेबसाइटवर निघत नाही. रस्ता एका बाजूने सिमेंटचा होत असतो आणि दुसऱ्या बाजूने पाइपासाठी फोडत असतात, पुलाखालून वळण द्यायचं की वरून याचा निर्णय दर महिन्याला बदलतो, आणि उलट्या दिशेने येणारे ऑटोवाले तुमच्याकडेच रागाने पाहतात. बरं, हे सगळं रोज करून नातेवाइकांत माझं नाव काय? "ताई काय, इथंच असते." भावाचं नाव, "पोरगा कॅनडात, पण आईले रोज फोन करते हो!"

मी हे का सांगतेय, तर त्या दिवसांत माझं डोकं कशाने भरलेलं होतं हे कळावं म्हणून. कारण मग फरशीची गोष्ट सुरू झाली.

आई अठ्ठ्याहत्तरची. गुडघे दुखतात, पण चालते-फिरते, आपली भाजी आपण आणते, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या विहारात बायकांबरोबर बसते. तिची स्वच्छता मोहल्ल्यात प्रसिद्ध होती. माझ्या लहानपणी सूर्य उगवायच्या आत ओट्यापासून मोरीपर्यंत घर झाडून व्हायचं आणि आम्ही अंथरुणासकट बाजूला सरकवले जायचो. त्या घरात आता सकाळी पावणेदहाला जावं तर घर पारोसं. काल संध्याकाळी मी फोडलेल्या शेंगांची टरफलं तिथेच, माझ्या चपलेची माती उंबऱ्यावर तिथेच. संध्याकाळी गेलं की मात्र फरशी लख्ख. सोमवारी सकाळी तर पाहायलाच नको, दोन दिवसांचा केर साचलेला असायचा. मी विचारलं की ती म्हणायची, "झाडते ना वं. काय घाई आहे?"

मी निष्कर्ष काढला. मला निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. आईला सकाळी वाकता येत नाही, ती ते लपवते, मी येऊन बोलले की दिवसभरात कसंबसं उरकते. आज केर राहिला, उद्या गॅस चालू राहील. आता तिने एकटं राहणं बंद करून हुडकेश्वरला माझ्याकडे यावं, असं मी जाहीर केलं. तिने साफ नकार दिला. "माह्या घरातच राहीन मी," म्हणाली. तिला कोणी हलवू नये एवढीच तिची इच्छा होती आणि एरवी ती काही मागणारी बाई नाही. मग मी रोज सकाळी फरशीचे फोटो काढायला लागले. पुरावा म्हणून. एखाद्या फौजदाराने काढावेत तसे वेगवेगळ्या कोनांतून काढले आणि भावाला पाठवले. त्याचं उत्तर आलं, "बाप रे ताई. मी येतो. आपण बसून ठरवू."

तो दहा दिवसांसाठी आला. त्यातले चार दिवस तो दुपारी झोपला आणि पहाटे तीनला उठून सगळ्यांना चहा विचारत फिरला. राहिलेल्या सहांतले दोन जुन्या मित्रांना दिले. सातव्या दिवशी आम्ही आईला खुर्चीवर बसवलं आणि तिच्यासमोर मी फोन धरला. एकेक फोटो सरकवत गेले. भाऊ गंभीर चेहरा करून बसला होता, मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये बसतो तसा.

आईने फोटो फार मन लावून पाहिले. एका फोटोशी थांबून म्हणाली, "ह्या शेंगा तं तूच फोडल्या होत्या वं."

"मी फोडल्या ना. पण सकाळपर्यंत झाडायचं कोणी?" मी म्हणाले.

तिने बोटाने पुढचा फोटो सरकवला.

"आई, ताई बरोबर बोलून राहिली," भाऊ म्हणाला. "अन् मी काय, काही झालं तं पंधरा तासांत इथं."

त्याने हे खिळ्यावरच्या कागदाकडे हात करून म्हटलं. मला हसू आवरेना, मी खोकल्याचं सोंग केलं. आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, "बरं. येते मी हुडकेश्वरले." इतक्या सहज म्हणाली की आम्ही दोघं जय्यत तयारी करून आलेले वकील जसे साक्षीदारच फुटल्यावर गोंधळतात तसे एकमेकांकडे पाहत राहिलो. रविवारचा टेम्पो मी तिथल्या तिथे ठरवून टाकला.

गुरुवारी सकाळी अकराला भाऊ निघाला. जवसाची चटणी, मूगवड्या, तिखट, सगळं वजनकाट्यावर तोलून भरलं होतं आणि दोन किलो जास्त झालं म्हणून अर्धं पुन्हा बाहेर काढलं होतं. बॅगेला गुंडाळायचं प्लास्टिक, सुतळीचे तुकडे, मूगवड्यांचा चुरा, सगळं घरभर पसरलेलं. आईने त्याच्या तळहातावर दही ठेवलं. तो गेला. मी बॅगांचा पसारा पाहून झाडूला हात घातला, तर आईने ओट्यावरूनच सांगितलं, "आता नको."

हे मला ठाऊक होतं. आमच्या घरातलं जुनंच. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत आई झाडूला हात लावत नाही आणि कोणाला लावू देत नाही. बऱ्याच घरांत हे पाळतात, पण आमच्या घरात ते शोभत नव्हतं. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, नवस, उपास, सगळं एका दिवसात गेलं. वडील तेव्हा दहा वर्षांचे होते आणि त्यांना त्या दिवसाचा फार अभिमान होता. "बाई, तो गाडीत बसला आहे अन् तू इथं झाडलं तं गाडीले काय होते?" असं ते आईला विचारायचे आणि मी त्यांच्या बाजूने हसायचे. आई म्हणायची, "काही होत नाही. माह्यं मन होत नाही." यावर वडील आणखी मोठ्याने हसायचे. त्यांचं ते हसू मला वारशात मिळालंय.

आईचं सामान खोक्यांत बांधायला मी शनिवारपर्यंत रजा घेऊन तिच्याकडेच राहिले होते. शुक्रवारी सकाळी आठला उठून पाहते तो प्लास्टिक, सुतळी, चुरा जसाच्या तसा. त्यात आता मुंग्याही आल्या होत्या. माझा संताप झाला. लाडक्याच्या विमानासाठी घराचा उकिरडा, आणि मी काय फक्त डबे वाहायला! मी झाडू उचलला.

"ठेव तो," आई म्हणाली. "पोचला नाही अजून."

"पंधरा तास केव्हाच झाले," मी म्हणाले. इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणत आले ते आज तोंडावर फेकलं. "तुझ्या त्या कागदाप्रमाणे तो कालच रात्री घरी जाऊन जेवला असेल. वाच ना. बारा हजार किलोमीटर. पुण्यासारखंच!"

आई उठली, खिळ्यावरून कागद काढला आणि उलटा करून माझ्या हातात दिला. मागे पेन्सिलीने, चौथी शिकलेल्या बाईच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत ओळी होत्या. निघाला मंगळ अकरा, फोन गुरु पाच. निघाला सोम दहा, फोन बुध सात. याआधी पाच वेळा तो निघाला होता, पाच ओळी. सहावी ओळ कालच सुरू केलेली, अर्धीच.

"तो कागद विमानाचा आहे," ती म्हणाली. "सरळ गेलं तं पंधरा तास. तो कुठं सरळ जाते? दोन दिवस लागते त्याले. मले पयल्याच वेळी समजलं."

"मग त्याला बोलली का नाहीस? सगळ्यांना सांगत फिरतो तो."

"त्याले बरं वाटते म्हणून."

मी कागद धरून उभी राहिले. ज्या एका आकड्याच्या जिवावर मी नऊ वर्षं भावाची मनातल्या मनात टर उडवली, तो खोटा आहे हे आईला पहिल्या खेपेपासून ठाऊक होतं. तोंडघशी पडल्यावर माणसाने गप्प बसावं. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. हातात अजून एक पुरावा होता, तो मी वापरला.

"चल, तो गेला म्हणून आज झाडलं नाहीस. पण बाकीच्या दिवसांचं काय? रोज सकाळी घर पारोसं असतं ते कशाला? तो काय रोज कॅनडाला जातो?"

"तू जाते ना वं रोज," आई म्हणाली.

मला आधी काही कळलंच नाही.

"सात वाजता निघते तू. त्या ट्रकांमधून, खोदलेल्या रस्त्यानं. पोचली का नाही, मले कसं कळन? सकाळी डबा घेऊन दारात उभी राहिली की कळते. मग तू ऑफिसले गेली की मी झाडते. ते तं दहा मिनिटाचं आहे, तिकडं घोर नाही लागत."

शनिवारी संध्याकाळी मी जाते आणि रविवारी येत नाही. सोमवारच्या दोन दिवसांच्या केराचा हिशेब तिने सांगायच्या आधीच माझा मला लागला.

"मग फोन करायचा ना मला," मी म्हणाले. आवाज अजून चढाच होता, त्याला उतरायला वेळ लागतो.

"केला होता एकदा. तू म्हणे, आई, आता कायले फोन केला, आत्ता तं आली तुह्याकडून, कणिक मळून राहिली मी." आई हे माझीच नक्कल करत म्हणाली, तक्रार म्हणून नाही. "तेव्हापासून नाही केला."

मला तो फोन आठवतही नव्हता.

"निदान मला सांगायचं, की पोचल्यावर फोन कर."

"सांगतलं असतं तं तू हासली असती. तुह्या बापासारखी."

हसले असते. नक्की हसले असते आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांना सांगून त्यांनाही हसवलं असतं. मला माझी भयंकर लाज वाटली. फोटो काढताना वाकून वाकून कोन साधणारी मी डोळ्यांपुढे आली. ती टरफलं म्हणजे आईचा म्हातारपणीचा गलथानपणा नव्हता, ती माझ्या सुखरूप पोचण्याची पाहिलेली वाट होती आणि मी तीच पुरावा म्हणून तिच्यासमोर धरली होती. भावाला निदान फ्रँकफर्टहून दोन ओळी टाकायचं सुचत होतं. मला चौदा किलोमीटरवरून एक शब्द सुचला नव्हता, आणि तरी रोज जाण्याचा टेंभा माझाच.

"मग त्या दिवशी येते म्हणून काहून म्हटलं?" मी विचारलं. माझ्या तोंडून आपोआप तिचीच भाषा आली. "फोटो दाखवले तेव्हाच सांगायचं ना हे."

"सांगून काय, त्याच्यासमोर तुले खाली पाहा लागलं असतं." ती मूगवड्यांच्या चुऱ्याला पाय लागणार नाही असं चालत पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली. "अन् म्हटलं, तुह्या घरी राहीन तं तू संध्याकाळी माह्यासमोरच घरात येशील. सकाळी टायमावर झाडता येईन."

मी झाडू कोपऱ्यात उभा केला. ओट्यावर जाऊन टेम्पोवाल्याला फोन लावला आणि रविवारी येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना बाई, मागाहून गाडी मिळायची नाही. मी नक्की म्हणाले. आत आले तर आईने ऐकलं होतं, पण ऐकलं नसल्यासारखी ती बांधलेल्या खोक्यातून आपला तवा बाहेर काढत होती. मी बाकीची खोकी सोडायला बसले. दुपारपर्यंत तिचं घर पुन्हा जागच्या जागी लागलं, फक्त फरशी तेवढी केराने भरलेली राहिली. भावाला काय सांगायचं ते मी अजून ठरवलं नव्हतं. खरं तेच सांगावं लागणार होतं, आणि ते सांगताना तो पंधरा तासांचं काही बोलला असता तरी आता मला हसायला तोंड नव्हतं.

रजा शनिवारपर्यंत होती तरी मी त्याच संध्याकाळी निघाले. आईने ओट्यावरून नेहमीसारखा हात केला. रस्ता नेहमीसारखाच फोडलेला होता, पुलाखालचं वळण पुन्हा बंद केलं होतं. हुडकेश्वरला फाटकात गाडी उभी केली, हेल्मेट काढायच्या आधी फोन काढला, कानाला लागेना म्हणून मग हेल्मेट काढलं. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला. फोन मांडीवर घेऊनच बसली असणार.

"आई, पोचले."

"पोचली?"

"हो. आत्ताच. गाडीही आत नाही घेतली अजून."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं असेल असं वाटलं.

"आता झाडशील ना?" मी विचारलं.

"आता कसं झाडू वं?" आई म्हणाली. "तुह्यं झालं. तो राहिला ना अजून."